गोळी लागू पडेल का?

माणसांच्या डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढणारी ईईजी मशीन आहे मी. नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका दवाखान्यात आले, आणि बरीच वर्षं फक्त फिट येणाऱ्यांची डोकी तपासली.

मग डॉक्टर मंजुषाबाईंनी मला नवंच काम दिलं. मनाच्या उदासीवरची गोळी गुण द्यायला महिना-दीड महिना घेते. तेवढा धीर कुणाला असतो? पण पहिल्याच आठवड्यात रेघा बदलल्या, तर गोळी लागू पडेल असा अंदाज बांधता येतो, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून गोळीआधी एकदा आणि आठवड्यानं पुन्हा रेघा काढून त्या ताडून बघत. त्यांच्या चिकाटीचं मला फार कौतुक वाटायचं.

मखमलाबादची उज्ज्वला पहिल्यांदा नवऱ्याबरोबर आली. फुलांचा मळा असलेल्या घरची सून. जेवण सुटलेलं, बोलणं बंद. दुसऱ्या खेपेला नवरा बाजारात अडकला, म्हणून सासू भागीबाई तिला घेऊन आल्या. त्यांना खरं तर गोळ्याच बंद करायच्या होत्या. आठवडा झाला तरी सून भिंतीकडे तोंड करून पडलेली, मग त्या तरी काय करणार?

आणि येताना सुनेच्या डोक्यावर वाटीभर तेल थापलेलं. तारांची टोकं टिकेनात, रेघा वेड्यावाकड्या. केस धुऊन, बिनतेलाचे आणायचे होते, असं डॉक्टरबाईंनी सांगताच भागीबाईंचा पारा चढला.

"कोरड्या केसांची सून घेऊन गावातून येऊ? लोक म्हणतील, हिला घरात बघणारं कुणी नाय."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "खात्री मी देत नाही, आजी. पण थांबायचं की सोडायचं, ते या रेघा बघून ठरवू."

भागीबाई उठल्या. मग समोरच्या दुकानातून शाम्पूची पुडी आणली, पदर खोचला आणि मागच्या नळावर स्वतः सुनेचे केस धुतले. ते वाळेपर्यंत उन्हात तिच्याजवळ बसून राहिल्या. खिडकीतून बघताना मला भरून आलं.

रेघा बदललेल्या निघाल्या. गोळ्या चालू राहिल्या.

माझा अंदाज दरवेळी खरा ठरला असं नाही, काहींच्या बाबतीत साफ चुकलाही. तरी तुमच्या घरात असं कुणी असलं, तर लगेच हात टेकू नका, एवढंच माझं मागणं.

दोन-अडीच महिन्यांनी पडद्यावर रेघा दाखवणारी नवी मशीन आली, आणि मला एका कॉलेजला देऊन टाकलं. टेम्पोत चढवत होते, त्याच सकाळी उज्ज्वला आली, बसनं, एकटी. सासूबाई कुठे, असं डॉक्टरबाईंनी विचारलं.

"त्यांना म्हणलं, तुम्ही फुलं तोडा, मी येते जाऊन."

तिच्या डोक्यातलं एवढं मी पाहिलं होतं. आवाज मात्र पहिल्यांदाच ऐकला.