मौनातलं ‘थांब’

आईने पहाटेच देवाला शब्द देऊन टाकला, आणि दिल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण भलतंच काही कबूल करून बसलो.

हॉटेलच्या खोलीत देव्हारा कुठला असणार! तिने पिशवीतली लहानशी तसबीर काढली, खिडकीच्या कट्ट्यावर टेकवली आणि हात जोडून म्हणाली, "आज संध्याकाळी पडदा पडेपर्यंत मी तोंडातून अक्षर काढणार नाही. तेवढा माझ्या लेकीचा गुडघा सांभाळ."

रोजचे नेम तिचे होतेच, पण ते आता अंगवळणी पडलेले. त्यात सोडल्यासारखं काही उरलं नव्हतं. गोड सोडावं म्हटलं, तर ते डॉक्टरांनी आधीच सोडायला लावलेलं. तेच पुन्हा देवापुढे ठेवायचं म्हणजे देवाच्या डोळ्यांत धूळ फेकणं. म्हणून जे खरोखर जिवावर येईल तेच तिने दिलं. बोलणं. लिफ्टमध्ये एकटी असली तर लिफ्टच्या बटणांशी बोलणारी ही बाई. कुठल्या मजल्यावर जायचं ते बटणाला सांगून मगच ती ते दाबायची.

लेक मोठी नावाजलेली नर्तकी. रंगमंचावर एकटी उभी राहिली की एवढं मोठं सभागृह तिच्या एका बोटाकडे बघत बसायचं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आज ती पहिल्यांदाच नाचणार होती, तेही या एवढ्या मोठ्या शहरात. डॉक्टरांनी बजावलं होतं, "नाचा, पण घाईघाईत पाय टाकू नका. एकदा का पडलात, तर एकटीने नाचणं कायमचं संपलं असं समजा." हे ऐकल्यापासून आईने देवाला उसंत दिली नव्हती.

न्याहारीच्या टेबलावर सभागृहाचे व्यवस्थापक घाम पुसत आले. लेकीला साथ करणारे व्हायोलिनवादक सकाळी न्हाणीघरात घसरले होते. मनगट प्लास्टरमध्ये.

"पण काळजी नसावी," व्यवस्थापक म्हणाले. "आपले बंधू इथेच आहेत. काल त्यांनी काय वाजवलं! लोक उठायला तयार नव्हते. तेच बसतील आपल्या साथीला."

लेकीने चमचा खाली ठेवला. "तो नको."

आईने टेबलाखाली स्वतःचाच हात चिमटला. नाहीतर तिथेच नेम मोडला असता.

धाकटाही व्हायोलिनवर तितकाच नामांकित. बहीणभावाचं घरी गळ्यात गळा, पण रंगमंचावर छत्तीसचा आकडा. ऐन तारुण्यात दोघांनी एकदाच एकत्र कार्यक्रम केला होता. शेवटाला धाकट्याने लय अशी पळवली, की गिरकी घेता घेता ताईसाहेब थेट पहिल्या रांगेच्या मांडीवर जाऊन पडल्या. लोक हसले. तेव्हापासून लेक रंगमंचावर कधी हसली नाही आणि भावासोबत कधी उभी राहिली नाही.

त्याची चूक म्हणावी, तर त्याला आनंद झाला की तो पळायचा, एवढीच. लहानपणीही तसंच. आई मधल्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली, पलीकडे दोघांचा रियाज चाललेला. यंत्राच्या खडखडाटातूनही तिच्या कानाला कळायचं की पोरगं सुटलंय. मग ती तिथूनच खणखणीत आवाजात ओरडायची, "थांब!" तो व्हायोलिनचा गज उचलून गप्प व्हायचा आणि लेक असेल त्या पवित्र्यात तशीच उभी राहायची. त्या घरात या शब्दाला दोन अर्थ होते. मुलासाठी त्याचा अर्थ होता ‘बंद कर’. मुलीसाठी होता ‘जरा दम धर, मी येतेय’. कुणी कुणाला समजावलं नव्हतं. एकाच शब्दात दोघांचं भागायचं.

दुसरा कुणी मिळण्यासारखा नव्हताच. दुपारी दोघं तालमीला उभे राहिले आणि आई रिकाम्या सभागृहात पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"पळायचं नाही," लेक म्हणाली.

"मी पळत नाही, ताई. तूच रेंगाळतेस."

"माझ्या गुडघ्यात स्क्रू आहे."

"तेल घालून देऊ?"

"आई! सांग ना याला काहीतरी!"

आईने ओठांवर बोट ठेवलं, मग तेच बोट वर आढ्याकडे दाखवलं.

"हे काय आता?" लेक म्हणाली.

"आज रेडिओ बंद आहे," धाकटा म्हणाला. "सकाळी मी विचारलं, चहा घेणार का, तर अशा भुवया नाचवल्या की मला कळेना, चहा हवाय की मी खोलीबाहेर व्हायला हवंय."

"घसा बसलाय का तुझा?"

आईने मान हलवली. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न. म्हणून मान तिने गोल फिरवली.

"झालं," धाकटा म्हणाला. "आता हिलाही नाचाची साथ हवीय."

लेकीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. मग भावाच्या समोर जाऊन हळूच म्हणाली, "हे बघ, गंमत पुरे. मी आज पडले तर पुन्हा नाही उठणार. शेवटच्या गिरक्यांत माझ्या पायाकडे बघून वाजव."

धाकट्याचा चेहरा उतरला. "बघेन," तो म्हणाला. "शप्पथ."

आईला माहीत होतं, तो मनापासून म्हणतोय. पण आनंद झाला की याचे डोळे मिटतात. मिटल्या डोळ्यांनी पाय कसे दिसणार? हे सांगायला तिची जीभ वळवळत होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं आणि देवाला मनातल्या मनात म्हणाली, तूच बघ बाबा आता.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. दाराशी तिकीट बघणाऱ्या मुलीने आईला भलत्याच दाराने वर पाठवलं. बोलता येईना, म्हणून आई सबंध गॅलरीला प्रदक्षिणा घालून पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीपर्यंत पोचली. शेजारी एक टापटीप गृहस्थ होते, रेशमी रुमालवाले. त्यांनी नमस्कार केला, हिने हसून हात जोडले. दोनदा असंच झाल्यावर त्यांनी ठरवलं की बाईंना ऐकू येत नाही किंवा भाषा येत नाही, आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत ते सगळं समजावून सांगू लागले.

"ही. नर्तकी. फार. थोर! पण कधी हसत नाही, बरं का. दगड! आणि हा वाजवणारा तिचा भाऊ. दोघांचं अजिबात पटत नाही म्हणतात."

आईच्या तोंडापर्यंत काय काय आलं ते देवालाच ठाऊक. तिने पिशवीतून खोकल्याची गोळी काढून गृहस्थांच्या हातावर ठेवली. त्यांनी आभार मानून ती तोंडात टाकली, तेव्हा कुठे शांतता झाली.

पडदा वर गेला. लेकीने रंगमंचाला हात लावून तो कपाळाला लावला. धाकट्याने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं, एकच लांब सूर काढला, आणि त्या सुरावर लेकीचा हात असा वर उचलला गेला जणू त्यानेच तो उचलून दिला. आईच्या अंगावर काटा आला. मधल्या खोलीतून ती आयुष्यभर हे नुसतं ऐकत आली होती. त्या पलीकडच्या खोलीत नक्की काय चालतं ते आज तिला समोर दिसत होतं.

संथ भाग झाला. मधला झाला. लेक वाऱ्यावरच्या वस्त्रासारखी फिरत होती, दुखरा पाय कुठला ते आईलाही ओळखू येईना. धाकटा शब्दाला जागला होता. डोळे उघडे, नजर तिच्या पायांवर. गृहस्थ गोळी चघळत पुटपुटले, "वा!" मागून कुणीतरी तोच शब्द उचलला. आईला वाटलं, पोचली नाव किनाऱ्याला.

आणि शेवटच्या गिरक्या सुरू झाल्या. लेकीने अशी एक सुंदर गिरकी घेतली, की धाकट्याच्या चेहऱ्यावर हसू फुललं. त्याची डावी भुवई वर गेली. डोळे मिटले.

सुटलं पोरगं!

गज सपासप फिरू लागला. सूर पुढे, लेक मागे. एक गिरकी तिने कशीबशी गाठली, दुसरीला पाय अर्धवट टेकला, आणि आईने लेकीच्या जबड्यावरची ती शीर पाहिली, जी लहानपणी फक्त पडण्याआधी दिसायची. आईने दोन्ही हात तोंडावर दाबले. पण शब्द काही हातांच्या परवानगीने निघत नाही.

"थांब!"

शिवणयंत्राच्या खडखडाटावरून फेकायची सवय असलेला तो आवाज. पहिल्या रांगेतून निघाला आणि गॅलरीला धडकून परत आला.

धाकटा गज हवेत धरून गप्प झाला. आणि लेक, एक पाय उचललेली, हात पसरलेले, चांगल्या पायावर जशीच्या तशी उभी राहिली. दम धरून.

आईला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. नेमही गेला, कार्यक्रमही गेला, लेकीची अब्रूही आपणच घालवली.

तेवढ्यात रंगमंचावरून हसण्याचा आवाज आला. लेक हसत होती. त्याच पवित्र्यात, हात पसरलेले तसेच, मान आईकडे वळवून, घरी रियाज करताना हसायची तशी खुदुखुदु. धाकट्याने डोळे उघडले, बहिणीकडे पाहिलं, आणि त्याच्याही खांद्यांना हसू सुटलं. मग लेकीने उचललेला पाय हलकेच टेकवला. नुसता पायाचा आवाज. दुसरा. व्हायोलिन गप्प, सगळं सभागृह गप्प, फक्त तिची पावलं, तिला झेपतील अशी, तिला हवी तेवढी सावकाश. थोडा वेळ भाऊ नुसता ऐकत राहिला. मग त्याने गज तारेवर टेकवला आणि फुंकर घालावी तसा सूर तिच्या पावलाखाली सरकवला. शेवटची गिरकी तिने हसत हसतच घेतली. पाय टेकला आणि सूर संपला, दोन्ही एकदमच.

पुढे जे झालं त्याला टाळ्या म्हणणं कमीच. लोक खुर्च्यांवरून उठले, पडदा पडला, वर गेला, पुन्हा पडला. रेशमी रुमालवाल्या गृहस्थांचे डोळे भरले होते. "काय रचना आहे!" ते आईला म्हणाले, आता सुटे शब्द विसरून. "प्रेक्षकांतून येणारा तो एक शब्द! त्यानंतरची शांतता! किती दिवस बसवलंत हो हे?"

पडदा पडलेला होता. आता बोलायला हरकत नव्हती. तरी आई नुसते हात जोडून रंगपटाकडे निघाली.

रंगपटात लेक खुर्चीत बसून गुडघ्यावर बर्फ धरून होती आणि धाकटा खाली जमिनीवर, तिच्या पायाशी. आई दारातच रडू लागली.

"अगं, झालं काय? मी उभी आहे ना धड? म्हणजे, बसलेय, पण धड!"

मग आईने पहाटेपासूनचं सगळं सांगितलं. तसबीर, खिडकीचा कट्टा, दिलेला शब्द. "पडदा पडेपर्यंत म्हटलं होतं रे मी. आणि ऐन वेळी मोडलं. आता देवाला काय तोंड दाखवू?"

मग धाकटा म्हणाला, "आई, एक सांगू? रागावू नकोस. रोज तू इतकं बोलतेस, की तुझा आवाज मला पंख्यासारखा झालाय. चालू असतो, ऐकू येत नाही. आज सकाळपासून नव्हता. म्हणून तो एक शब्द थेट आत शिरला. तू दिवसभर बोलत बसली असतीस, तर मी पळतच राहिलो असतो."

"म्हणजे नेम फुकट नाही गेला," लेक म्हणाली. "गुडघा मागितलास, गुडघा मिळाला. देवाने फक्त तुझ्याच तोंडून काम करून घेतलं."

आईने डोळे पुसले. थोडा विचार केला. "तसं असेल तर," ती म्हणाली, "त्याने निदान हळू आवाजात करून घ्यायचं. तो शेजारचा माणूस खोकल्याची गोळी गिळून बसला."

इतक्यात व्यवस्थापक आत आले, घाम तसाच, चेहरा मात्र उजळलेला. उद्याही हाच कार्यक्रम ठेवता येईल का, लोक विचारत आहेत. "आणि तो... तो आवाजही असेल ना?"

"आईला विचारा," धाकटा म्हणाला. "मी वाजवीन. ताईला चालणार असेल तर."

लेकीने बर्फाची पिशवी त्याच्या डोक्यावर ठेवली. "डोळे उघडे ठेवून," ती म्हणाली. हा तिचा होकार होता.

निघताना आईची दिवसभराची सगळी भरपाई सुरू झाली. ती दारातली मुलगी, ती गॅलरीची प्रदक्षिणा, ‘दगड’ म्हणणारे ते गृहस्थ, सकाळचा न मिळालेला चहा. मागच्या दाराच्या जिन्यापर्यंत तिने श्वास घेतला नसेल.

"आई, थांब," मागून लेक म्हणाली.

आई पहिल्या पायरीवर पाय ठेवता ठेवता वळली. "कुठलं? त्याचं की तुझं?"

"माझं," लेक म्हणाली आणि हात पुढे केला. "जिना आहे. तू बोलत राहा, पण हात दे."