निळ्या जहाजावरचं पाळणाघर

खोडदला कुशाबाईच्या घरात दिवाळीपासून दोन जहाजं येऊन उभी राहिली होती, आणि एकही हलायला तयार नव्हतं. संध्याकाळी आदेश नारायणगावचं खताचं दुकान बंद करून आला की मोबाईल टीव्हीला जोडायचा. मग एकदा पांढरं जहाज, एकदा निळं जहाज. दोन्ही मुंबईहून सुटणारी, दोन्ही गावापेक्षा मोठी. पांढऱ्याला मजले जास्त, निळ्याला पोहायचे तलाव जास्त. पांढऱ्यावर जेवण झकास, निळ्यावर म्हणे रोज नाटक. बायको बघतानासुद्धा आदेशनं एवढी चिकित्सा केली नव्हती. कुशाबाईनं हे एकदा बोलूनही दाखवलं. सूनबाई अक्षदा काही हसली नाही.

कुशाबाईला या जहाजांशी काय करायचं होतं? तिच्या काखेला आठ महिन्यांची नात समृद्धी. अक्षदा पतसंस्थेत नोकरीला, सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. पोरीचं न्हाणं, खिमट, झोपवणं सगळं आजीकडे. पोर रडायला लागली की कुशाबाई तिला घेऊन टीव्हीपुढे उभी राहायची, आणि निळं पाणी दिसलं की पोर गप व्हायची. त्या निमित्तानं आजीही बघून घ्यायची.

आणि एक दिवस अक्षदा आपण होऊन म्हणाली, "आई, तुम्हीही चला की आमच्याबरोबर. पांढऱ्या जहाजावर आपल्या खोलीत चौथं माणूस बसतंय."

"मी?" कुशाबाईनं मागं वळून बघितलं, जणू दारात दुसरं कुणी उभं असावं.

"मग काय आमी दोघांनीच जायचं का?" आदेश म्हणाला. "चल, तुला समुद्र दावतो."

समुद्र! दादरला भावाकडे कुशाबाई कितीदा जाऊन आली, पण दर वेळी कुणाचं बाळंतपण, नाहीतर कुणाचं दुखणं. चुलीपुढून उठून एसटीत, एसटीतून उठून दुसऱ्याच्या चुलीपुढे. समुद्र राहूनच गेला. तिचा नवरा भिमाजी म्हणायचा, एकदा नेतो तुला. न्यायच्या आधी तोच गेला. त्या संध्याकाळी कुशाबाईच्या भाकरी करपल्या आणि कुणी काही बोललं नाही, इतकं घर खुशीत होतं.

बाईच्या पोटात काही राहतंय होय! दुसऱ्या दिवशी नळावर गावभर झालं. आता आपल्याकडची रीत अशी, की कुणी तीर्थाला निघालं की ज्यांचं जाणं होत नाही त्यांनी आपलं काहीतरी तिच्या ओटीत टाकायचं. सुपारी, हळकुंड, एखादं नाणं. ते तिथल्या पाण्यात सोडलं की यांचंही जाणं झालं. आणि एकदा ओटीत टाकलेलं परत घ्यायचं नाही, ते देवाचं झालं. जहाजात बसून मजा मारायला जाणं हे तीर्थ कसलं? पण समुद्र म्हटल्यावर बायांनी पुढचं ऐकलंच नाही.

"तिथं देव कोण हाय गं?" शेजारच्या मंगलनं विचारलं.

"देव न्हाई. पोहायचं तळं हाय."

"समुद्रात जहाज, आन् जहाजावर परत तळं?"

"लई झालंय लोकांना," कुशाबाई म्हणाली, आणि दोघी पोट धरधरून हसल्या. पण मंगलनं जाताना सुपारी दिलीच.

असं करता करता कुशाबाईकडे एक पिशवी भरली. सगळ्यात शेवटी आली बानूबाई.

बानूबाई धनगराची. तिचा नवरा सोनबा मेंढरं राखायचा. आता मेंढरं गेली, सोनबा गेला, आणि म्हातारी थोरल्या लेकाकडे ओढ्यापलीकडं राहते. कुशाबाईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. गुडघे धरत धरत आली, ओसरीवर बसली आणि कमरेच्या पिशवीतून एक चिंधीची घडी काढली. उलगडली तर झबलं. लहानसं, धुवून धुवून विरलेलं.

"आमी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो," बानूबाई म्हणाली. "समुद्राच्या कडंला मेंढरांचा वाडा बसला व्हता. माजं पयलं पोर तापानं गेलं तिथं. तिथंच वाळूत ठिवलं. मेंढरं थांबत न्हाईत कुशा. दुसऱ्या दिशी निघावं लागलं."

इतकी वर्षं शेजार, आणि कुशाबाईनं हे कधी ऐकलं नव्हतं.

"पुढल्या साली गेलो तर जागाच न्हाई. पाण्यानं किनारा खाल्ला व्हता. म्हंजी पोर पाण्यातच गेलं ना? त्याला झबली दोनच व्हती. एक आंगावर गेलं. हे माज्याकडं ऱ्हायलं. तेवढं त्याला दे."

"देते आक्का," कुशाबाई म्हणाली. "माज्या हातानं देते."

बानूबाईनं तिचा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

तिकडे जहाजांचं मात्र अजून अडलेलंच होतं. आदेशचं मन पांढऱ्यावर, अक्षदाचं निळ्यावर. कुशाबाई मनातल्या मनात पांढऱ्याची झाली होती, कारण त्यावर तिची जागा होती. आणि मग एका रविवारी आदेशचा मित्र ऋषी याच्या बायकोचा, श्रेयाचा, फोन आला. तीही दोघं यांच्याबरोबर जाणार होती. अक्षदानं फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, मी चौकशी केली," श्रेया सांगत होती, "निळ्यावर पाळणाघर आहे. सहा महिन्यांच्या पुढची मुलं घेतात. दिवसभर ठेवा, रात्री ठेवा."

"काय सांगतेस! मग प्रश्नच मिटला," अक्षदा म्हणाली. "मला वाटत होतं दोन्हींवर नाही."

"निळंच घ्या मग," आदेश म्हणाला. "झालं, फायनल."

कुशाबाई दुधाची बाटली घेऊन दारातच उभी होती. फोन बंद झाल्यावर तिनं विचारलं, "आन् मी?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग अक्षदा गोड आवाजात म्हणाली, "आई, तुम्हाला उगाच दगदग. सगळीकडे एसी असतो, तुम्हाला लगेच सर्दी होते."

"पांढऱ्यावर एसी नव्हता व्हय?"

एका जहाजावर पाळणाघर होतं. दुसऱ्यावर नव्हतं, म्हणून तिथं कुशाबाई होती. महिनाभर ज्या आनंदात ती तरंगत होती त्याचा अर्थ एवढाच होता, आणि तो तिला स्वतःच्या ओसरीवर, स्वतःच्या पोराच्या तोंडून कळला. तिला रडू नाही आलं. राग आला, आणि तोसुद्धा आधी स्वतःचाच. गावभराची ओटी घेऊन बसली होती ती!

"बायांनी समुद्रात सोडायला दिलंय," ती म्हणाली. "त्याचं काय करू?"

"दे आमच्याकडं," आदेश म्हणाला.

"नाही हं," अक्षदा म्हणाली, "जहाजावरून काही टाकलं तर दंड करतात."

"मग सोडलं म्हणून सांगायचं," आदेश हसला. "कोण बघायला येतंय, आई?"

कुशाबाईनं पिशवी उचलली, आत नेली आणि पेटीत ठेवून कुलूप घातलं.

तिनं ठरवलं, आपणच एसटीनं जायचं. अलिबाग काय, कुठलंही चालेल, पाणी खारं असलं म्हणजे झालं. पण पोरं निघायच्या दिवशी आदेशनं द्राक्षांच्या बागेतल्या मजुरांचं, गाईंचं, पाण्याच्या मोटारीचं सगळं तिच्याच गळ्यात घातलं. वर म्हणाला, "तू हायस म्हणून तर आमी निर्धास्त." म्हातारी घरची मालकीण, ती कधी? राबायचं असलं की.

गाडी अंगणात उभी राहिली तशा बाया गोळा झाल्या. बानूबाईही आली होती. कुशाबाई घरच्या लुगड्यात, हात शेणाचे. बायांच्या काय ते ध्यानात आलं.

"तू न्हाई जात? मग आमचं गं?" मंगलनं विचारलं.

कुशाबाई तोंड उघडणार तोच आदेश गाडीच्या काचेतून ओरडला, "घेतलंय, घेतलंय! सगळ्यांचं घेतलंय मावशी, काळजी करू नका!"

निघत्या माणसाला टोकू नये. वाटेला लागलेल्याला मोडता घातला की वाईट होतं, आणि गाडीत तान्ही नात. कुशाबाईनं ओठ मिटले. गाडी गेली.

त्यानंतर बानूबाईला खरं सांगायला ती दोनदा ओढ्यापर्यंत गेली. एकदा म्हातारी उन्हात बसून सुनेच्या पोराला गोष्ट सांगत होती. दुसऱ्यांदा तिनं लांबूनच हाक मारली, "कुशा, आता पोचलं आसंल का गं?" कुशाबाई म्हणाली, "आसंल." तेवढं एक खोटं तिच्या हातून झालं. म्हातारी म्हणाली, "लई वर्सांनी झोप लागायला लागलीय बघ. त्याचं रडणं ऐकू येईना आता." कुशाबाई तशीच माघारी फिरली. घरी येऊन तिनं उगाचच गाईला दोन शिव्या घातल्या.

पोरं परत आली ती दुपारची. आदेश उतरला तो अर्ध्या चड्डीत, डोळ्यांवर काळा चष्मा, नाकाची सालटं गेलेली. तीर्थाहून आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं आणि पाया पडायचं, ही रीत. बाया तांबे घेऊन उभ्याच होत्या. आदेशला गंमत वाटली, तो हसत उभा राहिला. अक्षदानं तर मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं.

बानूबाई पुढे झाली. पाणी घातलं, आणि ती सत्तरीपारची बाई गुडघे टेकून त्या पोराच्या रबरी चपलांवर डोकं ठेवायला वाकली.

"पोचवलंस बाबा?"

"हां मावशी, पोचवलं. पार मधोमध. मी सोडलं, आन् ते असं तरंगत तरंगत गेलं."

त्यानं हातानं लाटसुद्धा करून दाखवली. एवढं सफाईनं खोटं बोलणारं पोर आपल्याच पोटी आलं, आणि ही म्हातारी त्याच्या पायावर! कुशाबाईनं पुढे होऊन बानूबाईला दंडाला धरून उठवलं.

"ऊठ आक्का. त्याच्या पाया पडू नको. त्यानं काय नेलं न्हाई. तुजं झबलं माज्या पेटीत हाय."

"आई!" आदेश ओरडला.

अक्षदानं मोबाईल खाली घेतला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मंगलच्या हातातलं पाणी सांडून गेलं. कुशाबाईला वाटलं, आता ही म्हातारी पोराला शिव्या देईल, चपलेनं मारेल, आणि मारावंच तिनं. पण बानूबाईनं आदेशकडे बघितलंसुद्धा नाही. ती कुशाबाईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मला झोप लागत व्हती गं," बानूबाई म्हणाली. "मंग सांगितलंस कशाला?"

बानूबाईनं रिकामा तांब्या उचलला आणि ती गुडघे धरत ओढ्याच्या वाटेला लागली. झबलं तिनं मागितलं नाही.