पुलावरची कॉफी

मानवजातीला निरोगी करायचं असेल तर इंजिनिअरांनी आणि वैद्यकवाल्यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे, याबद्दल वॉशिंग्टनमध्ये दुमत नाही. म्हणून दोन्हीकडच्या पीएचडीच्या मुलांना एकत्र घडवायला सरकार पाच-पाच वर्षांचं अनुदान देतं. त्यातून विद्यावेतन देता येतं, परिषदांना पाठवता येतं. कॉफी पाजता येत नाही. तसा नियमच आहे.

"पिंप तिकडून उचल," विल्मा क्लेटनला म्हणाली. "आणि वाकडं करू नकोस, आत पाणी आहे."

"पण आज बुधवार आहे ना? कॉफी नाही?"

"आज तपासणीवाले येतायत. कॉफी दिसली की विचारतील, कुठल्या खात्यातून घेतली."

"घेतलीय तुम्ही, स्वतःच्या पैशाने."

"ते तुला माहीत, मला माहीत. त्यांना कुठे माहीत आहे? उचल बाबा. पंप बनवतोस म्हणे, आणि एवढं उचलवत नाही?"

"माझा पंप मिनिटाला एक थेंब टाकतो, विल्मा. त्याला ओझ्याची सवय नाही."

"मालकालाही नाही," दुसऱ्या बाजूने हात लावत ओडेट म्हणाली.

विल्मा स्टॅडलर अनुदानाच्या कार्यक्रमाची व्यवस्था बघत असे. तिचा पगारही त्याच अनुदानातून निघे. इंजिनिअरिंगची इमारत रस्त्याच्या अलीकडे, वैद्यक पलीकडे, आणि मध्ये दुसऱ्या मजल्यावर काचेचा पूल. हिवाळ्यात खाली रस्त्यावर नाक गळून पडेल अशी थंडी, त्यामुळे सगळी वर्दळ पुलावरून. पुलाच्या बरोबर मध्यावर विजेचा एक प्लग होता. चर्चच्या जुन्या बाजारातून आणलेलं कॉफीचं मोठं पिंप विल्मा दर बुधवारी तिथे लावी. तिथेच दोन वर्षांपूर्वी, दुधाच्या शेवटच्या डब्यावरून, वैद्यकातली ओडेट आणि इंजिनिअरिंगचा क्लेटन यांचं भांडण झालं होतं. भांडता भांडता कळलं की ओडेटच्या फुप्फुसाच्या पेशी कुठल्याही पंपाच्या प्रवाहात वाहून जातात, आणि क्लेटनचा पंप इतका मंद आहे की तो कोणालाच नको आहे. तेव्हापासून त्या पंपावर पेशी जगत होत्या. दोघांच्या गाइडांची नावं अनुदानाच्या अर्जात एका ओळीत होती. ते गाइड एकमेकांना अजून भेटलेले नव्हते.

पिंप विल्माच्या गाडीच्या डिकीत गेलं. "आणि हे बघा," ती दोघांना म्हणाली, "कॉफीचं नाव काढायचं नाही. अनुदान गेलं तर मीही गेले."

तपासणीला सरकारने पाठवलेले तीन प्राध्यापक आले. कार्यक्रमाचे संचालक डॉ. थॉर्नबी त्यांना पुलावरून घेऊन निघाले. पुलावर चिटपाखरू नव्हतं. त्यांच्यातल्या वयस्क बाई, डॉ. इव्हर्सन, मध्यावर थांबल्या.

"तुमची मुलं एकमेकांना भेटतात कुठे?"

"आमच्याकडे समन्वयाचा एक सर्वंकष आराखडा आहे," थॉर्नबी म्हणाले.

"आराखडा वाचला. मी जागा विचारतेय."

थॉर्नबींनी विल्माकडे पाहिलं. विल्माने प्लगकडे पाहिलं. आयुष्यात तिने बंद दुकानासमोरसुद्धा कधी चुकीच्या जागी गाडी लावली नव्हती.

"सेमिनारला भेटतात," ती म्हणाली.

मग मंडळी सेमिनारला गेली. सभागृहाला दोन दारं आहेत. इंजिनिअर आपल्या दाराशी बसले होते, वैद्यकवाले आपल्या.

दुपारी मुलाखती झाल्या.

"तुम्ही दोघं एकत्र काम कसे करू लागलात?" डॉ. इव्हर्सनबाईंनी विचारलं.

"कार्यक्रमामुळे," क्लेटन म्हणाला.

"कार्यक्रमातल्या नेमक्या कशामुळे?"

क्लेटनने छताकडे पाहिलं. ओडेटने बुटांकडे. शेवटी ओडेट म्हणाली, "समन्वयाच्या आराखड्यामुळे." बाईंनी पेनाला टोपण लावलं.

वसंतात निकाल आला. दोन्ही बाजूंचा एकमेकांशी संबंध नेमका कुठे येतो हे दिसून आले नाही, असं त्यात होतं. अनुदान थांबलं.

"पुढच्या वेळी आराखडा आणखी भक्कम करू," थॉर्नबी म्हणाले.

"पुढची वेळ कधी, डॉक्टर?"

"बघू."

थॉर्नबी दुसऱ्या एका केंद्राचे प्रमुख झाले. ओडेटच्या गाइडने तिला उंदरांवर लावलं. उंदरांना पंप लागत नाही. क्लेटनला बागेतली कारंजी बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. जाताना तो विल्माला भेटायला आला. "आता निदान जोरात पाणी उडवीन," तो म्हणाला, आणि ती हसली, कारण त्याला हसायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी विल्मा किल्ल्या द्यायला हिशेब खात्यातल्या ओयेनकडे गेली. तो सँडविच खात होता.

"एक विचारू? स्वतःची कॉफी आणली असती तर चाललं असतं?"

"स्वतःची? त्याचा आमच्याशी काय संबंध? तो नियम खर्चाचा आहे. तुझ्या कॉफीला कोण विचारतंय, बाई?"

"सहज विचारलं," विल्मा म्हणाली, आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

निकाल येईपर्यंत नको म्हणून डिकीतच राहिलेलं पिंप हिवाळ्यात आतल्या पाण्याचा बर्फ होऊन तळाशी तडकलं होतं. ते चर्चच्या बाजारात परत देण्याजोगंही राहिलं नव्हतं.

जुलैत विद्यापीठाने पुलावरच्या त्याच प्लगला कॉफीचं स्वयंचलित यंत्र लावलं. कपाला दोन डॉलर पडतात. कप घेऊन लोक आपापल्या इमारतीत जातात.