भरल्या टाकीची फियाट

सुधीर सरांची फियाट अकलोलीच्या रस्त्यावर तिसऱ्यांदा बंद पडली. धामणकर नाक्यावरच्या कुमार मिस्त्रींनी दोनदा कार्बोरेटर साफ केला होता, पेट्रोलचा पंपही बदलला होता. त्यांच्या गॅरेजात गाडी कधी रुसायचीच नाही. शेवटी ते म्हणाले, "सर, कार्बोरेटरच नवा टाकू."

तो मिळेना, म्हणून सर तय्यबाच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात आले. तिच्या ओळखी पार गुजरातपर्यंत होत्या. दहावीत गणितात ती सरांची विद्यार्थिनी. आता अब्बांच्या मागे चोवीस लूम चालवत होती, आणि लूम अडली की स्वतः पाना उचलत होती.

"कार्बोरेटर नंतर शोधू," ती म्हणाली. "आधी मी बघू का?"

"तुला गाडीतलं काय कळतं गं?"

"गाडीतलं नाय कळत, सर. पण मधेच बंद पडणारं मशीन कळतं. का बंद पडते ते सोडा. कधी पडते, ते सांगा."

"लांब गेलं की."

"म्हणजे इंजिन तापून?"

"छे! जानेवारीच्या थंडीतही पडली. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की आपोआप चालू होते."

"आणि मानकोलीला वल्लरीकडे जाता तेव्हा?"

"लेकीकडे जाताना? कधीच नाही."

"अकलोलीला जाताना वेगळं काय करता?"

"काही नाही. टाकी फुल करतो, चाकांतली हवा बघतो, निघतो."

तय्यबाने हातातला पाना खाली ठेवला. "आणि मानकोलीला?"

"तिथे कशाला फुल करू? असेल तेवढ्यावर जातो."

सर लगेच म्हणाले, "म्हणजे पंपावरचं पेट्रोलच भेसळीचं!"

"मग त्याच पेट्रोलवर मानकोलीला जातानाही त्रास झाला असता. उद्या सकाळी टाकी फुल करा, मी येते."

रविवारी ती स्वतः स्टिअरिंगवर बसली, सर शेजारी. अकलोलीच्या रस्त्यावर, अंबाडीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. सवयीने सर बॉनेटकडे निघाले. तय्यबा मात्र मागे गेली, टाकीच्या झाकणाला किल्ली लावली आणि ते फिरवलं.

सुस्स! टाकीने हवा आत ओढून घेतली.

"ऐकलंत, सर?"

सर जागच्या जागी उभे राहिले. मग वर्गात असल्यासारखं बोट वर गेलं. "पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर आतली हवा ताणली जाते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. भरल्या टाकीत हवा मुळातच थोडी, म्हणून ती लवकर ताणली जाते!"

"आणि थांबलं की झाकणाच्या रबराच्या कडेने हवा हळूहळू शिरते. झाकण कधी बदललंत?"

"दिवाळीत. जुनं हरवलं, म्हणून कुलपाचं आणलं." त्यांनी झाकण उलटंपालटं केलं. हवेसाठी छिद्र कुठेच नव्हतं. "अगं, त्रासही दिवाळीनंतरच सुरू झाला! हे मला सुचू नये?"

"सगळे पुढे बघत होते, सर. मागे कोणी बघितलंच नाय."

दोनचार वेळा स्टार्टर मारल्यावर गाडी चालू झाली. झाकण सैल ठेवून ती सावकाश थेट कुमार मिस्त्रींकडे आली. त्यांनी ते तोंडाला लावून फुंकर मारून पाहिली, कपाळावर हात मारला, आणि छिद्राचं झाकण शोधून स्वतः बसवलं. पैसे घ्यायला काही केल्या तयार होईनात.

पुढच्या रविवारी फुल टाकीवर सर पत्नीला, माईंना, घेऊन अकलोलीला गेले. दुपारी फोन आला. लूमच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून तय्यबा बाहेर गल्लीत गेली.

"एकदाही अडली नाही!" सर ओरडत होते. "माई म्हणते, तय्यबाला घेऊन यायला हवं होतं."

"पुढच्या खेपेला येते. पण गाडी मीच चालवणार."

"मी मागे बसतो," सर म्हणाले. "मागे कोणीतरी बघायला हवं ना!"