तिसऱ्यांदा विसळली का?

"अहो, भांड्यांचा साबण कुठे गेला? हिरव्या बाटलीतला?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"कामावर नेलाय," थेंबकाका म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग उलटलेलं पान परत सुलटं केलं. मग पेपरच खाली ठेवला.

"कामावर? तिथे काय धुणीभांडी करता?"

खरं तर बरीचशी तीच करत. तेल संशोधनाच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं. जमिनीखालचं तेल आपणहून वर येतं ते थोडंच. निम्म्याहून जास्त दगडाला चिकटून बसतं आणि मुक्कामी पाहुण्यासारखं निघायचं नाव घेत नाही. त्याला हुसकायला मागून पाणी सोडतात. काका हाच उद्योग बोटभर दगडावर करत. तेलात मुरवलेला दगड पोलादी नळीत बसवायचा, एका बाजूनं खारं पाणी दाबायचं, दुसऱ्या बाजूनं येणारं तेल थेंब थेंब मोजायचं. म्हणून थेंबकाका. खरं नाव ओळखपत्रावर होतं, पण तिथेही चुकलेलं.

अलीकडे कळलं होतं की पाण्यातलं मीठ कमी केलं तर दगड आणखी थोडं तेल सोडतो. का सोडतो, यावर पाच शास्त्रज्ञ आणि सहा मतं होती. साबणाच्या जातीचं रसायन घातलं तर भरपूर सोडतो, पण ते टँकरच्या टँकर ओतावं लागतं. नुसत्या अळणी पाण्यानं एरवी पाच टक्के तेल जास्त निघे. या खेपेला अकरा निघालं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम काकांच्या मुलीच्या वयाच्या. त्या खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या होत्या. "काका, अकरा! साबणाचा एक थेंब न घालता! गुरुवारच्या बैठकीत अहवाल ठेवते. पहिल्या पानावर प्रयोगकर्ता म्हणून तुमचं नाव."

"कशाला, कशाला," काका म्हणाले होते, आणि नाव चुकू नये म्हणून ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते छापलं जाणार होतं. निवृत्तीला बारा दिवस उरले होते.

आता काकू हात पुसत बाहेर आल्या. "साबणाचं केलंत काय?"

"तिथला संपलाय. अर्ज करून दोन महिने झाले. म्हणून अळणी पाण्याची टाकी आपल्या साबणानं धुतली. नंतर तीनदा विसळायची असते, नियमच आहे. एकदा विसळली, दोनदा विसळली, तेवढ्यात तुझा फोन आला. येताना बल्ब आणा म्हणून."

"मग?"

"मग बल्ब आणला."

"अहो, तिसऱ्यांदा विसळली का?"

काकांना आठवेना. जे काम एकतीस वर्षं हात करतात, त्याची नोंद डोकं ठेवत नाही. विसळली असणार, न विसळायला काय धाड भरली होती? पण विसळतानाचं चित्र डोळ्यांपुढे आणावं तर गेल्या महिन्यातली टाकी दिसे, दहा वर्षांपूर्वीची दिसे. नेमकी तीच दिसेना.

"म्हणजे तेल साबणानं निघालं," काकूंनी निकाल देऊन टाकला. "यात शोध कसला? मी रोज काढते."

दुसऱ्या दिवशी काका तासभर आधी पोचले. टाकीच्या तळाशी पेलाभर पाणी उरलं होतं. ते त्यांनी बाटलीत घेतलं आणि जोरात हलवलं. कडेला फेसासारखं काहीतरी दिसलं. काही ठरवायच्या आत ते गेलं. मग त्यांनी नळाचं पाणी हलवून पाहिलं. त्यातही काहीतरी दिसलं. मग दोन्ही बाटल्या सारख्याच दिसायला लागल्या आणि कुठली कुठली तेही कळेनासं झालं.

मॅडम आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. बल्बसकट.

मॅडमनी दोन्ही बाटल्या उजेडाकडे धरून पाहिल्या. "फेस किती होता?"

"दोन बुडबुडे. तिसरा होता असं वाटलं."

"काका, पुन्हा करायचं तर नवा दगड सहा आठवडे तेलात मुरवावा लागेल. तुम्ही तर तोवर जाल."

"हो."

"आणि तुम्ही बोलला नसतात तर कुणालाही कळलं नसतं."

"मला तरी कुठे कळलंय?" काका म्हणाले.

गुरुवारी अहवाल गेला नाही. काकांना निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते दहा मिनिटं पुढे होतं की घरचं जुनं मागे, यावर आठवडाभर घरात दोन मतं होती.

दोन महिन्यांनी मॅडमचा फोन आला. काका तेव्हा मोरीपाशी पातेलं धूत होते. निवृत्तीनंतर हे खातं त्यांच्याकडे आलं होतं.

"काका, आठ आले!"

"आठ?" पाच आलं असतं तर साबण. अकरा आलं असतं तर पाणी. आठाचं काय करायचं, हे काकांना कळेना. "टाकी कुणी धुतली?"

"मी स्वतः. तुमच्या पद्धतीनं."

"किती वेळा विसळली?"

पलीकडे मागे कुठेतरी पंप चालू असल्याचा आवाज येत होता.

"तीन," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, "तीनच असेल ना, काका?"

काकांना तो आवाज ओळखीचा वाटला. "तीनच असणार," ते हळूच म्हणाले. "हातांना माहीत असतं."

"अहवाल उद्या जातोय. दोन्ही आकडे देतेय, आणि तुमच्या फेसाचंही लिहिलंय. मग पहिल्या पानावर तुमचं नाव..."

"नको. तो प्रयोग तुमचा. माझा कसला होता, तेच अजून ठरायचंय."

फोन ठेवून ते मोरीकडे वळले. पातेलं ओलं होतं, चकचकीत होतं. दोनदा विसळलं होतं की तीनदा? त्यांनी ते पुन्हा नळाखाली धरलं आणि मोठ्यानं मोजत विसळलं. एक. दोन. तीन. मग ओट्यावर पालथं घातलं. काठावरून पाणी ठिबकत होतं. काका वाकून पाहत राहिले.

काकूंनी जेवायला हाक मारली तेव्हा ते सतराव्या थेंबावर होते.