घरसाक्ष

शनिवारी सकाळी रायपूरच्या शंकर नगरातल्या ख्रिस्ती मंडळीच्या क्वार्टरमध्ये पोहे फोडणीला पडले होते आणि बैठकीत पास्टर शिशिर दुपारे दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची तालीम करत होते. भाषणाचा विषय होता सौम्यता.

नवा रायपुरातल्या एका भाड्याच्या सभागृहात रविवारी ख्रिस्ती पुढाऱ्यांचं शिबिर होतं: आत्मिक वाढ आणि निरोगी नाती. छत्तीसगढभरच्या मराठी मंडळ्यांचे पाळक सहकुटुंब येणार होते. शिबिराच्या शेवटी शिशिर दुपाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना या सगळ्या मंडळ्यांचा अध्यक्ष नेमायचं ठरलं होतं, आणि त्यांच्यापाठोपाठ चिटणीस अच्युतरावांना उपाध्यक्ष. निवड सगळ्यांना पसंत होती. पास्टरांचा आवाजच तसा लोण्यासारखा. आजाऱ्याच्या उशाशी बसून ते प्रार्थना करू लागले की शेजारच्या खाटेवरचा परका रोगीही डोळे पुशी. त्यांना राग येत नसे असं नव्हे. पण तो शिस्तीचा होता, घराबाहेर कधी पडला नाही.

छापखान्याचा माणूस शिबिरासाठी केलेला उभा फलक देऊन गेला. मागे ॲल्युमिनियमचा दांडा, पुढे पायाशी असलेल्या डब्यातून वर ओढून घ्यायचं चित्र. पास्टरांनी ते ओढून लावलं. माणसाच्या उंचीचे पास्टर, त्यांच्या हाताखाली पत्नी रमाबाईंचा खांदा, शेजारी सोळा वर्षांची अनुश्री.

"रमा, इकडे ये. हे काय आहे?"

रमाबाई हात पुसत आल्या. "काय झालं?"

"पोट्टी हसली काहून नाही?"

"फोटोवाल्यानं म्हटलं होतं न तिले."

"फोटोवाल्यानं म्हटलं! तू कायले गेली होती तिथं? एवढे पास्टर पाहतीन. म्हणतीन, याच्या घरी मयत झाली का काय?"

रमाबाईंनी चित्राकडे पाहिलं आणि एक चूक केली. त्या खरं बोलल्या. "मनात असतं तं हसली असती."

पास्टरांनी फलकाचा दांडा उपसला. चित्रातलं कुटुंब सर्रकन गुंडाळलं जाऊन डब्यात गेलं. पहिला फटका रमाबाईंनी आडव्या धरलेल्या हातावर बसला. लाकूड मोडावं तसा आवाज झाला. दुसरा पाठीवर, तिसरा पुन्हा त्याच हातावर. पास्टर मारताना ओरडत नसत. शेजारी मंडळीतलेच होते. चेहराही ते टाळत. रविवार जवळ असला म्हणजे विशेष काळजी घेत. पण चौथ्या फटक्याला रमाबाई कोलमडल्या आणि गाल टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटला, त्याला पास्टरांचा इलाज नव्हता.

"पापा, छोड़ो! छोड़ दो मम्मी को!" अनुश्री आतून धावत आली आणि तिने दांडा धरला.

मोकळ्या हाताची थप्पड तिच्या डाव्या कानावर बसली. ती ओरडली नाही. कान धरून खाली बसली आणि आश्चर्य वाटल्यासारखी भिंतीकडे बघत राहिली.

मग पास्टरांनी दांडा गुडघ्यावर ठेवून सरळ करायचा प्रयत्न केला. तो बराचसा सरळ झाला. हातपाय धुऊन ते पोहे खायला बसले. पोह्यांत मीठ कमी होतं, पण ते काही बोलले नाहीत.

दुपारी अच्युतरावांची पत्नी कांताबाई पिशवी घेऊन आल्या. या क्वार्टरमध्ये काही झालं की कांताबाईंना कसं कळे हे कोणी विचारत नसे.

"झालं का बाई?" स्वयंपाक झाला का म्हणतात तसंच त्यांनी विचारलं. "हात दाव. बापा! पट्टी बांध घट्ट. उद्या कोणी विचारलं तं सांगजो, बाथरूममधी पाय घसरला."

"मागच्या साली तेच सांगतलं होतं, दीदी."

"मंग मंडळीले म्हणा, बाथरूम बदलवा." कांताबाई स्वतःच हसल्या, आणि लगेच थांबल्या.

पिशवीतून त्यांनी त्वचेच्या रंगाच्या क्रीमची ट्यूब काढली आणि रमाबाईंच्या गालावरच्या निळ्या डागावर बोटाने थापू लागल्या. हात सराईत होता. "जवळून पाहिलं तरी समजत नाही. उद्या साक्ष दे, एकच वाक्य तं आहे. साहेब अध्यक्ष झाले की शांत होतीन. माणूस मोठा झाला की शांत होते."

"अच्युतभैया शांत झाले का?"

"टोपण नीट लाव," कांताबाई म्हणाल्या. "वाळून जाते."

त्या गेल्यावर रमाबाईंनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. अर्धी संपली होती. कांताबाईंच्या तोंडावर साधी पावडरही कोणी कधी पाहिली नव्हती.

साक्षीची ही चाल मंडळीच्या जुन्या वडीलधाऱ्यांनी घातली होती. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही त्याच्या हाती मंडळी देऊ नये, आणि घर कसं चाललंय हे घरधनिणीइतकं कोणाला ठाऊक? म्हणून नेमणुकीआधी बायकोने सर्वांसमोर उभं राहून घराची साक्ष द्यायची. घरसाक्ष झाल्याशिवाय कोणाच्याही डोक्यावर हात ठेवायचा नाही. नियम सोन्यासारखा होता. पुढच्या पिढीने त्यात एकच सुधारणा केली: उत्तर ठरवून दिलं. "आमच्या घरी प्रभूची शांती आहे." एवढं म्हणून बाईने बसायचं आणि पुरुषांनी आमेन म्हणायचं. पाळकाची नेमणूक दरवर्षी नव्याने होई, म्हणून रमाबाईंनी आजवर हे वाक्य दरवर्षी म्हटलं होतं. राहतं क्वार्टर मंडळीचं होतं, आणि माहेर म्हणजे अभनपुरात भावाच्या दोन खोल्या.

संध्याकाळी अनुश्री त्यांच्याजवळ येऊन पडली. "मम्मी, कल फिर बोलोगी क्या? वही, शांती है?"

रमाबाईंनी तिच्या डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. "आवाज आला?"

अनुश्री उत्तराची वाट बघत आईच्या तोंडाकडे पाहत होती. चुटकी वाजली हेच तिला कळलं नव्हतं.

रविवारी सभागृह भरलं. मंचावर फलक उभा होता, पण दारुड्यासारखा एका बाजूला कललेला. अच्युतरावांनी त्याच्या पायाखाली गीतांच्या पुस्तिका सरकवून पाहिल्या. फलक ऐकेना. पास्टरांचं भाषण मात्र सुरेख झालं. राग आला की बोलण्याआधी पाच श्वास घ्यावेत, असं ते म्हणाले, आणि पुढाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

"आता घरसाक्ष," अच्युतरावांनी माइकवरून पुकारलं. "दुपारे मॅडम."

रमाबाई मंचावर आल्या. त्यांनी माइक घेतला आणि कललेल्या फलकाकडे पाहिलं.

"आमच्या घरी प्रभूची..." अच्युतरावांनी हळूच आठवण करून दिली.

"आमच्या घरी शांती नाही."

"मॅडम, साक्ष द्यायची आहे."

"हव. साक्षच देऊन राहिले." रमाबाईंनी हातावरची पट्टी सोडली. हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा सुजला होता. त्या फलकामागे गेल्या आणि तो हात दांड्याच्या बाकाला लावून धरला. "हा वाकडा काहून झाला, कोणीच विचारलं नाही. काल पास्टरनं यानंच मले मारलं. पोट्टी फोटोत हसली नाही म्हणून. पोट्टी सोडवाले आली तं तिच्या कानात मारलं. डाव्या कानानं तिले ऐकू येऊन नाही राहिलं. मी आता तिले घेऊन दवाखान्यात चालली, अन् तिथून ठाण्यात. तुम्ही ज्याच्या डोक्यावर हात ठेवता, त्याचे हात पाहून घ्या."

पास्टर हसत उठले. "रमाची तब्येत कालपासून बरी नाही," ते लोण्यासारख्या आवाजात म्हणाले. "दे रमा, माइक दे."

रमाबाईंनी माइक सोडला नाही.

पाच श्वास घ्यायला वेळ मिळाला नाही. हात आपोआप उठला, रोज उठे तसाच, आणि थपडेचा आवाज माइकमधून सभागृहाच्या चारी भिंतींवर आदळला. रमाबाईंचा ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून साडीवर ठिबकलं. गालावरचा रंग निघून खालचा निळा डाग उघडा पडला, आणि तो रंग पास्टरांच्या तळव्याला लागला. ते आपल्या तळव्याकडे बघत राहिले. तो तळवा कोणाचा आहे हे त्यांच्या लक्षात येत नसावं.

अनुश्री मंचावर चढून दोघांच्या मध्ये उभी राहिली. पापांकडे पाहत म्हणाली, "अब सबके सामने मारो।"

पास्टर खाली बसले. एकही पुढारी जागचा हलला नाही. सौम्यतेवरचं भाषण त्यांच्या अंगी फारच भिनलं होतं.

रमाबाईंनी माइक अच्युतरावांच्या हातात दिला आणि लेकीचा हात धरून त्या मधल्या वाटेने दाराकडे चालू लागल्या. अच्युतराव अनुभवी चिटणीस होते. अध्यक्षपद गेलं तरी कार्यक्रम पुढे न्यायचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घसा साफ केला. "पुढची साक्ष..."

पुढची साक्ष त्यांच्याच घरची होती.

त्यांनी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. कांताबाई त्यांच्याकडे बघत होत्या. अच्युतरावांना नाव पुकारवेना. "आपण एक गीत गाऊ या," ते म्हणाले. पण पुस्तिका फलकाच्या पायाखाली होत्या, आणि गीत कोणालाच आठवेना.

कांताबाई न पुकारता उभ्या राहिल्या. त्यांनी पदराचं टोक बाटलीतल्या पाण्याने भिजवलं आणि सगळ्यांसमोर गळ्याची डावी बाजू सावकाश पुसली. पदर तपकिरी झाला. गळ्यावर चार बोटं उमटलेली दिसली.

"आमच्याही घरी नाही," त्या म्हणाल्या.

दारापर्यंत गेलेल्या रमाबाई थांबल्या आणि वळून पाहू लागल्या. पुरुषांच्या रांगा खाली माना घालून बसल्या होत्या. ही साक्ष ऐकून काय म्हणायचं, ते त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

मग बायकांच्या मागच्या रांगेतून एक आवाज आला, आणि त्याला लागून दुसरा, तिसरा. त्यांना हा शब्द म्हणायची सवय नव्हती, म्हणून तो जरा अडखळत आला.

"आमेन."