हाताला कळणारं विमान

दशरथ परब सहासष्ट वर्षांचे झाले त्या दिवशी त्यांच्या मुलीनं, श्रुतिकानं, मुलुंडहून एक खोकं आणलं. आत प्लास्टिकच्या विमानाचे सुटे भाग होते. वडिलांनी सैन्यात अठरा वर्षं काढली होती आणि त्यातली बरीचशी एएन-३२ या मालवाहू विमानात, एवढं तिला माहीत होतं. बोरीवलीच्या घरात ते दिवसभर काही न बोलता बसून असतात, हाताला काम मिळेल, असा तिचा विचार.

दशरथ पायलट नव्हते. ते पुरवठा दलात हवालदार होते. जोरहाटच्या तळावर तांदूळ, पीठ, रॉकेल, औषधं यांचे गठ्ठे बांधायचे, ते विमानात चढवायचे आणि अरुणाचलच्या डोंगरातल्या चौक्यांवर, जिथं रस्ताच जात नाही तिथं, विमानाच्या मागच्या दारातून खाली ढकलायचे, हे त्यांचं काम. घरी मात्र त्यांनी याबद्दल कधी फारसं सांगितलं नाही. बायको प्रेमा तेव्हा परळला सासू-सासऱ्यांजवळ राहायची. सुट्टीवर आले की ते गावच्या गोष्टी काढायचे, विमानाच्या नाही.

पंधरा दिवसांत विमान तयार झालं. वीतभर लांबीचं, सुबक. दशरथनी ते प्रेमाच्या हातात दिलं. प्रेमाची नजर काचबिंदूनं हळूहळू गेली होती आणि गेली दोन वर्षं तिला उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं. तिनं बोटं फिरवली, तशी एक अँटेना मोडली. मग चाकाजवळचा दांडा मोडला. तिनं विमान लगेच परत दिलं.

"छान असेल," ती म्हणाली. "मला आपलं खेळण्यासारखं लागलं. यात तुम्ही होतात, असं काही वाटत नाही."

दशरथना वाईट वाटलं. पण दोन-तीन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की ती रुसून बोललेली नाही, खरं तेच बोलली आहे. त्यांनी ते प्लास्टिकचं विमान काचेच्या कपाटात ठेवलं आणि दुसरं करायला घेतलं. हे विमान बघण्यासाठी नव्हतं, चाचपण्यासाठी होतं.

सुरुवात झाली प्लंबरच्या दुकानात. विमानाचं पोट गोल असतं, तसा अडीच इंची पाइप मिळाला, आणि त्या पाइपावरूनच सगळं माप ठरलं. खऱ्या विमानाच्या एका मीटरला इथं दोन सेंटिमीटर. म्हणजे लांबी दीड फुटाहून थोडी जास्त, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ दोन फूट. पंख त्यांनी पॅकिंगच्या खोक्याच्या लाकडाचे केले. पाइपाचा वरचा भाग उभा कापून डब्याच्या झाकणासारखा ठेवला, उचलला की बोटं आत जातील. गॅलरीत सकाळपासून कानस घासल्याचा आवाज यायचा आणि सगळीकडे भुसा पडायचा. प्रेमा कुरकुरायची, पण खुर्ची गॅलरीच्या दाराशी ओढून तिथंच बसायची.

इंजिनांसकट पंख बसवले त्या दिवशी तिनं हात लावला आणि थांबली. इंजिनं चुकून वर बसवलीत का, तिनं विचारलं. दशरथ हसले. एएन-३२ची इंजिनं पंखाच्या वरच असतात, त्यांनी सांगितलं. डोंगरातल्या धावपट्ट्यांवर खडी, माती, कधी गवत. इंजिनाचा पंखा खाली असता तर सगळं उडून त्यात गेलं असतं. मग ते पंख्याच्या आवाजाबद्दल बोलू लागले, कानात कापूस घातला तरी दाढा कशा हलायच्या, उतरल्यावर तासभर एकमेकांशी ओरडून कसं बोलावं लागायचं. बोलता बोलता दहा वाजले. प्रेमानं मधे एकदाही चहाची आठवण केली नाही.

शेपटी लावल्यावर ती म्हणाली, डावी बाजू खाली आहे. दशरथ म्हणाले, अजिबात नाही, मी पट्टीनं मापलंय. तिनं तीस वर्षं सोसायटीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले होते, दोन्ही खांदे सारखे आलेत की नाही हे तिला चिमटीत कळायचं. त्यांनी परत मापलं. दोन मिलिमीटर खाली होती. त्यांनी शेपटी सोडवली आणि पुन्हा चिकटवली. त्यानंतर प्रत्येक भाग तिच्या हाताखालून गेल्याशिवाय त्यांनी पक्का केला नाही.

शेवटी मागचं दार आलं. शेपटीखाली पोटाला कापून त्यांनी ते उघडझाप होईल असं केलं. आत तांदळाच्या पोत्यांचे लाकडी ठोकळे ठेवले. प्रेमानं झाकण काढून बोटं आत घातली, ठोकळे मोजले, पुढून मागं सरकत दाराच्या कडेशी आली. तिथं तिचं बोट खाली घसरलं. तिनं ते पुन्हा कडेवर ठेवलं. विचारात असली की ती मालवणीवर जायची.

"तुमी खंय उभे रवायचात?"

दशरथनी तिचं बोट धरून दाराच्या डाव्या कडेला ठेवलं. "इथं."

"इथं तर धरायलाच काही नाही."

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं. श्रुतिका तीन महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. गठ्ठे बाहेर जात होते. एका गठ्ठ्याची दोरी त्यांच्या पायाला अडकली आणि गठ्ठ्याबरोबर तेही बाहेर ओढले गेले. कमरेला पट्टा होता, त्याचं दुसरं टोक आत कडीला अडकवलेलं. तेवढ्यावर ते दाराबाहेर लोंबकळले. खाली नदी दिसत होती, बारीक, सुतळीएवढी. बरोबरच्या लवू नावाच्या जवानानं पोटावर झोपून दोरी कापली आणि त्यांना आत ओढलं. दहा सेकंद असतील, फार तर पंधरा. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच दारात उभे होते.

प्रेमाचा हात विमानावरच होता.

"त्या वर्षी दर महिन्याला पत्र यायचं," ती म्हणाली. "हवा चांगली आहे, जेवण ठीक आहे. एवढंच."

"काय लिहिणार होतो? तू लहान पोर घेऊन बसलेली."

ती उठून आत गेली. दशरथना वाटलं, आता ती दोन दिवस बोलायची नाही. पण स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला नाही, कपाटाचा आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात शिवणाचा डबा होता. नजर गेल्यापासून तो तिनं उघडला नव्हता. तिनं सॅटीनची बारीक फीत शोधून काढली आणि विचारलं, पट्टा केवढा रुंद होता, कमरेला कुठे यायचा, कडी कुठे होती. दशरथनी माप सांगितलं आणि आतल्या बाजूला तारेची कडी लावली. सुईत दोरा मात्र त्यांनाच ओवावा लागला आणि त्यांना त्यासाठी चारदा प्रयत्न करावे लागले. बाकी सगळं तिनं केलं. पहिला पट्टा वाकडा झाला, तो तिनं उसवला. दुसऱ्याची टीप सरळ आली. दशरथनी पुट्टीचा पेराएवढा माणूस केला, त्याच्या कमरेला तिनं तो पट्टा बांधला आणि दुसरं टोक कडीत अडकवून तीनदा ओढून बघितलं.

"आता राहू द्या उभा," ती म्हणाली.

मग ती थांबेचना. अस्तराच्या जुन्या तुकड्यांच्या तिनं पॅराशूट शिवल्या, प्रत्येक गठ्ठ्याला एक, अशा आठ. दोरा ओवायला सोपी पडेल अशी, डोक्यावर खाच असलेली सुई श्रुतिकानं आणून दिली. श्रुतिकाला रडू आलं होतं, पण ते तिनं आवाजात येऊ दिलं नाही. नुसते फोटो काढून सगळ्यांना पाठवते म्हणाली.

"फोटो बघणाऱ्यांसाठी नाहीच हे," प्रेमा म्हणाली. "त्या अंधेरीच्या बायकांना दाखवू."

अंधेरीला अंध बायकांचं एक मंडळ दर बुधवारी भरायचं. श्रुतिकानं वर्षापूर्वी तिथं आईचं नाव घातलं होतं, पण प्रेमा एकदाही गेली नव्हती. मला काय झालंय तिथं जायला, असं म्हणायची. आता तीच बुधवार मोजत होती.

रिक्षात विमान तिनं मांडीवर धरलं. मंडळाच्या खोलीत नऊ-दहा जणी टेबलाभोवती जमल्या. आधी दशरथ सांगायला उभे राहिले, पण त्यांची गाडी अडखळली, तेव्हा प्रेमानंच सूत्रं हातात घेतली. एकेकीचा हात धरून ती नाकापासून सुरुवात करायची. इंजिनं वर का, हे प्रत्येकीनं विचारलं आणि प्रत्येकीला तिनं तितक्याच उत्साहानं सांगितलं. काहीजणी दारापाशी बराच वेळ थांबल्या. आपल्या नवऱ्याचं काय झालं होतं ते तिनं त्यांना सांगितलं. एका म्हाताऱ्या बाईंनी त्या छोट्या माणसाचा पट्टा चाचपला आणि म्हणाल्या, शिवण चांगली आहे. प्रेमाचा चेहरा उजळलेला दशरथनी कोपऱ्यातून पाहिला. कितीतरी दिवसांनी ती अशी दिसत होती.

निघताना क्षमा नावाची एक तिशीची मुलगी त्यांच्याजवळ आली. ती जन्मापासून अंध होती, एका ऑफिसात टेलिफोनवर काम करायची.

"काका, मी रोज मेट्रोनं येते," ती म्हणाली. "जिना चढते, गाडीत बसते, जिना उतरते. सगळे म्हणतात, ती वरून जाते. पण रस्त्याच्या वर ती राहते कशी, ते मला कधी समजलंच नाही."

दशरथ समजावू लागले. खांब असतात, खांबावर आडवी तुळई... दोन वाक्यांनंतर ते थांबले. शब्दांनी काम होणार नव्हतं. त्यांनी प्रेमाकडे पाहिलं. त्यांचं बोलणं थांबलेलं ऐकूनच तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लिंक रोडला गेली. सिग्नल लागल्यावर दुभाजकापर्यंत पोचली आणि तिथल्या मेट्रोच्या खांबाशी थांबली. दशरथनी मापाची टेप काढली. प्रेमानं काठी त्यांच्याकडे दिली आणि दोन्ही हात पसरून खांबाला कवेत घेतलं, मग एक पाऊल सरकून पुन्हा. वरून गाडी गेली तेव्हा तिनं तळहात खांबावर घट्ट दाबला.

"थरथरतोय," ती म्हणाली. "हे तिला कसं दाखवायचं, विचार करा."

चौकातला ट्रॅफिक हवालदार शिट्टी वाजवत आला. इथं काय चाललंय, त्यानं विचारलं. दशरथनी सगळं सांगितलं, क्षमाचा प्रश्नसुद्धा. हवालदारानं वर बघितलं, जणू पहिल्यांदाच. मग टेपचं एक टोक हातात घेऊन तो खांबामागं गेला आणि तिकडून म्हणाला, "काका, जरा सैल सोडा, पुरत नाहीये."